अरुणा अमोलिक यांचे शेवटचे शब्द

पडदा वर जातो तेव्हा छताला चार पंखे फिरत आहेत आणि त्यांतला एक कण्हतो आहे. जागा दिल्लीच्या मयूर विहारमधल्या एका चर्चचा मागचा हॉल. वेळ झावळ्यांच्या रविवारची, म्हणजे ईस्टरच्या आदल्या रविवारची दुपार. हॉल खरं तर मल्याळी मंडळींचा. त्यांची उपासना आटोपली, ते आपापल्या गाड्या काढून गेले आणि मागे नुसता कॉफीचा वास उरला, की महिन्यातून एकदा तो मराठी ख्रिस्ती मंडळीला मिळतो. भिंतीला टेकवलेल्या प्लॅस्टिकच्या खुर्च्या, कोपऱ्यात उरलेल्या झावळ्यांचा भारा, आणि मधोमध टेबलावर एक स्टीलचा डबा. डब्यात सात चिठ्ठ्या. भोवती पंचवीस-तीस माणसं, आणि सगळ्यांच्या चेहऱ्यावर लॉटरीच्या दुकानापुढे असतो तसला भाव.

या चिठ्ठ्यांचं प्रकरण असं. येशू वधस्तंभावर टांगलेला असताना मरेपर्यंत सात वेळा बोलला. त्या सात उद्गारांवर गुड फ्रायडेला सात जणांनी बोलायचं, अशी रीत. कुणी कशावर बोलायचं हे पूर्वी पाळक ठरवत. त्यावरून इतके रुसवेफुगवे झाले की दोन घरांनी एकमेकांकडे नाताळचा फराळ पाठवणं बंद केलं. तेव्हापासून चिठ्ठ्या. शिपायांनीही प्रभूच्या अंगरख्यासाठी त्याच वधस्तंभाखाली चिठ्ठ्या टाकल्या होत्या, तेव्हा आपण परंपरेला धरूनच आहोत, असं विश्वास अमोलिक दरवर्षी म्हणायचा आणि बायका दरवर्षी डोळे वटारायच्या.

सगळ्यांना हवा असतो पाचवा उद्गार, तहानेचा. तो लहान आणि सोपा. उन्हाळ्यावर चार वाक्यं टाकली की भागतं. चौथा कुणालाच नको असतो, कारण त्यात प्रभू देवालाच विचारतो की मला का टाकलंस, आणि त्यावर बोलायला उठलेला माणूस मधेच अडकतो आणि घरी गेल्यावर बायकोवर चिडतो. पहिला क्षमेचा. मारणाऱ्यांना माफ कर, त्यांना कळत नाही ते काय करताहेत, असं प्रभू बापाला सांगतो तो. हा दिसायला साधा. पण ज्याने माफ केलेलं नाही त्याच्या हाती आला तर साप.

त्या दिवशी डबा घेऊन फिरत होती विनया साळवे. तिने डबा सगळ्यांत आधी विश्वाससमोर धरला. त्याने हात घातला, चिठ्ठी उलगडली, आणि पहिला उद्गार बघून तोंड वाकडं केलं.

चिठ्ठ्यांची अदलाबदल चालते. ती काही नियमात नाही, पण नियमापेक्षा जुनी आहे. विश्वास पाचव्याच्या मागे गेला, दुसऱ्या उद्गाराच्या मागे गेला, शेवटी चौथाही घ्यायला तयार झाला. एकही जण बदलून देईना. एरवी चौथा देऊन टाकायला जी माणसं वर घरचा केकही देतात, तीही चिठ्ठी खिशात घालून छताकडे बघू लागली. तेव्हा विश्वासला वास आला की हा कट आहे.

मंडळीचा पाळक मानस रणभिसे हा पुण्याचा पोरगेला माणूस, पाच दिवस नोएडातल्या कंपनीत सॉफ्टवेअर बघतो आणि उरलेल्या दोन दिवसांत आत्मे. तो म्हणाला, “अंकल, प्रत्येकाला सात मिनिटांचा स्लॉट. मी टायमर लावतो. तुमचं तर ओपनिंग आहे, चलो, मस्त होईल.”

पहिल्या रांगेत मंडळीचा चिटणीस दिलीप साळवे, म्हणजे विनयाचा नवरा, हात जोडून बसला होता. तो विश्वासकडे बघून मंद हसला. त्या मंद हसण्याचाच विश्वासला गेली काही वर्षं सगळ्यांत जास्त राग यायचा.

विश्वास अमोलिक हा सत्तरी ओलांडलेला, उंच, पांढरे केस अजून नीट मागे वळवणारा गृहस्थ. मूळचा नगरचा. चुलत्याने दिल्लीला आणलं, आणि उभा जन्म त्याने कोपर्निकस मार्गावरच्या जुन्या अतिथीगृहात, पाहुण्यांच्या स्वागताच्या टेबलामागे काढला. त्याचं कसब एकच, नाही म्हणणं. पण असं की ऐकणाऱ्याला हो ऐकू यावं. खोली नसली तर तो कधीच खोली नाही म्हणत नसे. “साहेब, आपल्याजोगी खोली तयार होतेय,” म्हणे आणि चहा मागवी. माणसं चहा पिऊन, तब्येतीच्या गप्पा मारून, शेवटी दुसरीकडे उतरायला जात आणि जाताना त्याचे आभार मानत. वाक्य धुऊन, इस्त्री करून समोरच्याच्या हातात ठेवायचं, ही त्याची सवय हाडीमाशी खिळलेली. पुढे जो घोटाळा झाला तो या सवयीपायीच.

त्याची बायको अरुणा. मिशनच्या दवाखान्यात शिकून दिल्लीच्या एका सरकारी हॉस्पिटलात नर्स झाली आणि मेट्रन म्हणून निवृत्त झाली. तिच्या वाक्यांना इस्त्री ठाऊक नव्हती. एकदा बिशप घरी जेवायला आले आणि जेवणाआधीची त्यांची प्रार्थना आफ्रिकेतल्या मिशनऱ्यांपर्यंत पोचली, तेव्हा तिने मधेच “आमेन” म्हणून पुऱ्या वाढायला घेतल्या. बिशपांनी पुढच्या वेळी दोनच वाक्यं म्हटली. देवावर तिची श्रद्धा होती, पण ती वरिष्ठ डॉक्टरवर असते तशी. त्याचं ज्ञान मान्य, मात्र तो दिवसातून एकदाच राउंडला येतो आणि वॉर्ड सांभाळायचा असतो आपणच.

आणि त्याच इमारतीत वर तिसऱ्या मजल्यावर दिलीप. रेल्वेच्या कचेरीत कारकून, आणि संध्याकाळी नट. काय नट होता. गणेशोत्सवात मराठी मंडळाची नाटकं व्हायची ते दिवस आठवा. पेट्रोमॅक्सच्या उजेडात रंगवलेले चेहरे, पोत्याची विंग, नऊवारी नेसलेले पुरुष. दिलीप दारुड्याचं काम असं करायचा की पहिल्या रांगेतल्या बायका पदर नाकाला लावायच्या. एका प्रयोगानंतर पाळकांनी त्याला बाजूला घेऊन चौकशी केली, की हे इतकं हुबेहूब कसं येतं. दिलीपने अदबीने विचारलं, “पाळकसाहेब, हुबेहूब आहे हे आपल्याला कशावरून कळलं?” बिचारे त्यानंतर त्याच्या नाटकाला आले नाहीत.

रविवारी उपासना झाली की अमोलिकांच्या तळमजल्यावरच्या घरात कॅरम मांडला जायचा. दिलीप राणी लपवायचा, अरुणा त्याचा हात पकडायची, विनया भजी तळता तळता आतून निकाल द्यायची. अशी वर्षं गेली.

मग कोरोनातला तो एप्रिल आला. त्या एप्रिलमध्ये दिल्लीत सगळं मिळत होतं, फक्त श्वास मिळत नव्हता. अरुणा तापाने पडली, धाप लागली. विश्वासने जन्मभर जपलेली सगळी ओळखपाळख फोनवर उपसली, आणि नोएडातल्या एका कारखानदाराने, पूर्वी कधी त्याच्या टेबलापुढे चहा प्यायलेल्या माणसाने, ऑक्सिजनचा सिलिंडर पाठवला. अरुणाला नळी लागली. तिचा रंग परतला, ती पंख्यावरच्या धुळीबद्दल बोलू लागली. विश्वासला वाटलं, सुटलो.

आणि वरून विनयाचा फोन आला. दिलीपचा श्वास तुटत होता, तो हाकेला ओ देत नव्हता, कुठे बेड नव्हता. अरुणाने पडल्या पडल्या विचारलं, बोटावरच्या यंत्रात आकडा किती दाखवतंय. आकडा ऐकला, आपला बघितला, नाकातली नळी काढली आणि सिलिंडर वर न्यायला सांगितलं. विश्वासने स्वतः तो लिफ्टपर्यंत ढकलत नेला. वर जोडायला वेळ लागला. त्या घरात कुणाला ते जमत नव्हतं. तो खाली आला तेव्हा अरुणाला ग्लानी आली होती. ती पुन्हा बोलली नाही. त्याच दिवशी गेली.

दिलीप वाचला.

आता आपल्या मंडळीत एक चाल आहे. माणूस गेला की पाळक घरच्यांना विचारतात, शेवटचे शब्द काय होते. मग ते शब्द स्मरणाच्या उपासनेत सांगतात, मंडळीच्या मासिकात छापतात. त्यामुळे मराठी ख्रिस्ती माणूस कसाही जगलेला असो, मरताना मात्र सुवाच्य बोलतो. त्या वेळचे पाळक तात्याराव घोडके यांनी फोन केला. पुरायला मोजकी माणसं जाऊ शकली होती, बाकीची मंडळी मोबाइलच्या पडद्यावर रडत होती. तात्यारावांनी घोगऱ्या आवाजात विचारलं, सिस्टर शेवटी काय म्हणाल्या.

विश्वास कित्येक रात्री झोपला नव्हता. पण फोनवर समोरच्याला काहीतरी चांगलं हवं आहे हे त्याच्या कानांना कळलं, आणि जिभेने आपलं काम केलं. तो म्हणाला, “ती म्हणाली, दिलीपभावजींना जगू द्या. माझी प्रभूकडे जायची तयारी आहे.”

तात्याराव रडले. मासिकात चौकट आली. प्रभूच्या बारा शिष्यांतही मरताना इतकं नेटकं कुणी बोललं नसेल. एकट्या विश्वासला ठाऊक होतं की हे वाक्य अरुणाचं असूच शकत नाही. जी बाई नगरला जायची बॅगसुद्धा रिक्षा दारात आल्यावर भरायची, ती म्हणे प्रभूकडे जायला तयार होती.

बरा झालेल्या दिलीपने ती चौकट कापली, फ्रेम केली, प्लॅस्टिकच्या लिलीची फुलं लावली आणि दिवाणखान्यात टांगली. आणि त्या फ्रेमखाली तो हळूहळू संत झाला. सिगारेट गेली, ते ठीक. मग कॅरम गेला. नाटक गेलं, मंडळाची माणसं बोलवायला आली तर त्यांच्याबरोबर त्याने प्रार्थनाच केली. जोक गेले. म्हाताऱ्यांना मोतीबिंदूच्या तपासणीला नेणं, प्रत्येक प्रार्थनासभेला पहिला हजर, चिटणीसपद, आणि चेहऱ्यावर पोस्टाच्या तिकिटावर छापतात तसलं गांभीर्य. जो माणूस “विश्वास्या, लेका” म्हणायचा तो आता “बंधू विश्वास” म्हणायचा. दर एप्रिलमध्ये शिऱ्याचा डबा घेऊन यायचा, डोळे भरून उभा राहायचा आणि जायचा.

पहिली काही वर्षं विश्वासला हे बरं वाटलं, हे लपवण्यात अर्थ नाही. जिच्या श्वासावर हा जगतोय ती नाही, तर याने निदान हसू तरी नये. तोंडात खरी गोष्ट होती, ती सांगितली असती तर दिलीप सुटला असता. म्हणून त्याने ती सांगितली नाही. आणखी एक होतं. खोट्या वाक्यात अरुणाच्या मरणाला कारण तरी होतं. खऱ्यात तेही नव्हतं.

देवाशीही त्याची कुरबूर चालू होती. तो मानसला एकदा म्हणाला होता, की प्रभू मेला हे कबूल, माझ्यासाठी मेला हेही कबूल, पण तिसऱ्या दिवशी परत आला की नाही. त्याच्या आईने तीन दिवस सोसलं. आमच्याकडे तिसरा दिवस कधी उगवणार ते विचारून सांग. मानसने विचारून सांगतो म्हटलं; बहुधा वरून अजून उत्तर यायचं होतं.

झावळ्यांच्या रविवारनंतरच्या सोमवारी सकाळी विनया खाली आली. स्वयंपाकघरात येऊन तिने स्वतःच चहा टाकला. त्या घरात पहिल्यापासून तशीच पद्धत होती. मग तिने सांगून टाकलं की डबा पुढे धरला तेव्हा त्यात एकच चिठ्ठी होती, बाकीच्या सहा तिच्या मुठीत होत्या, आणि कुणीही अदलाबदल करायची नाही असं तिने घरोघर फोन करून बजावलं होतं.

“वहिनी, देवाच्या घरात फसवाफसवी,” विश्वास म्हणाला.

“देवाच्या घरात तुम्ही पाचेक वर्षं तोंड फिरवून बसता, ते काय आहे?” विनया म्हणाली. “भावजी, यांच्या हृदयाची झडप खराब झालीय. डॉक्टर म्हणतात बदला, लगेच बदला, नाहीतर पुढचा नाताळ बघणार नाहीत. आणि हे नाही म्हणतात.”

तिने पुढचं सांगितलं ते विश्वासने चहाकडे बघत ऐकलं. दिलीपचं म्हणणं होतं, एका बाईने माझ्यापायी जीव दिला, आता आणखी किती मागायचं. मिळालं तेच उसनं आहे. देव बोलावतोय तर मी जातो. विनयाने रडून पाहिलं, भांडून पाहिलं, मुलीला बंगळुरूहून बोलावून पाहिलं. शेवटी ती म्हणाली, “ते माझं ऐकायचे नाहीत. त्यांना तुमच्याकडून हवंय. तुम्ही त्यांना कधी एक शब्द वाईट बोलला नाहीत, भावजी, अगदी गोड बोलता. पण तुमचं गोड बोलणं ज्याने एकदा ऐकलंय त्याला कळतं की खोली मिळणार नाहीये.”

हे वर्मी बसलं. विश्वास त्याच दिवशी लिफ्टने वर गेला.

दिलीप फ्रेमखालच्या खुर्चीत बसला होता, पाय सुजलेले, ओठांवर निळसर झाक. विश्वासने हॉस्पिटलचा विषय काढला. इस्त्रीचं सगळं सामान बाहेर काढलं. हल्ली ऑपरेशनं किती सोपी झालीत, ओळखीचे किती जण झडप बसवून फिरायला जातात.

“बंधू विश्वास,” दिलीप म्हणाला, “मी दुसऱ्याच्या वाटणीचा श्वास घेतोय.”

“मग घे ना नीट. सुस्कारे काय टाकतोस?”

“तुला नाही कळायचं. सकाळी उठलो की पहिल्यांदा वाटतं, आज असं काय करू की तिचं जाणं फुकट जाणार नाही. गेली पाच वर्षं एकही दिवस तसा गेला नाही रे. मोतीबिंदूची माणसं नेऊन नेऊन किती नेणार?” त्याने वर फ्रेमकडे बोट केलं. “जायची तयारी आहे, म्हणाली ती. माझीही आहे.”

विश्वासने फ्रेमकडे बघितलं. स्वतःचंच वाक्य, सोनेरी चौकटीत, लिलीच्या फुलांत. आणि त्याच्या लक्षात आलं की त्या दोन ओळींनी एका माणसाला पाच वर्षं खुर्चीला बांधून ठेवलंय आणि आता त्या त्याला मारणार आहेत. तिथल्या तिथे सांगायला हवं होतं. पण घशाशी आलेलं वाक्य फ्रेमला घाबरून मागे फिरलं. तो तब्येत सांभाळ म्हणाला आणि खाली आला. लिफ्टमध्ये त्याने स्वतःला जी शिवी दिली ती दिलीपच्या जुन्या भूमिकेतली होती.

गुड फ्रायडे उजाडला. मल्याळी मंडळी सकाळपासून उपासना करून, प्रभूच्या यातनांची आठवण म्हणून कडू रस पिऊन, उतरलेल्या चेहऱ्यांनी घरी गेली आणि हॉल मराठी मंडळीला मिळाला. वधस्तंभावर काळं कापड. पेटी नाही, टाळ्या नाहीत. मानसने टेबलावर मोबाइलचा टायमर लावला आणि विश्वासला खूण केली.

विश्वास उभा राहिला. त्याने घरून लिहून आणलेलं खिशातून काढलंच नाही.

“माझ्या वाट्याला क्षमा आलीय,” तो म्हणाला. “आली नाही, आणली गेलीय. आणणारी बाई तिसऱ्या रांगेत बसलीय, तिचं भलं होवो.”

मग त्याने अतिथीगृहातली एक गोष्ट सांगितली. एकदा सगळ्या खोल्या भरल्या असताना साताऱ्याकडचं एक जोडपं आजारी मुलीला घेऊन आलं, सकाळी तिला मोठ्या हॉस्पिटलात दाखवायचं होतं. एका म्हाताऱ्या पाहुण्याने आपली खोली त्यांना दिली आणि स्वतः बाहेरच्या बाकावर झोपला. सकाळी बघतात तर मुलीचा बाप व्हरांड्यात उभा, मायलेकी जमिनीवर, पलंगाची चादरसुद्धा मोडलेली नाही. बाप म्हणाला, आजोबांची जागा, तिथे आम्ही कसं झोपायचं. म्हातारा भडकला. म्हणाला, मी बाकावर, तू व्हरांड्यात, मग पलंगावर काय देव झोपला होता?

मंडळीत दोघंतिघं हसले आणि आज गुड फ्रायडे आहे हे आठवून त्यांनी चेहरे सरळ केले.

“प्रभूने आपल्यासाठी जीव दिला असं आपण दोन हजार वर्षं म्हणतोय,” विश्वास म्हणाला, “आणि तेव्हापासून व्हरांड्यात उभे आहोत. दिलीप, तू तर पाच वर्षं बसलासुद्धा नाहीस.”

दिलीपने मान खाली घातली. विश्वासने टेबलाची कड धरली.

“तुझ्या भिंतीवर जे टांगलंय ते अरुणा बोललेली नाही. ते मी बोललो. तात्यारावांनी फोनवर विचारलं आणि मी त्यांना चांगली खोली दाखवली. खरं मला ठाऊक होतं. ते मी तुला सांगितलं नाही, कारण सांगितलं असतं तर तू मोकळा झाला असतास, आणि मला तू मोकळा नको होतास. मी तुला माफ केलं नव्हतं. कशाबद्दल, ते विचारू नकोस. ज्यांना माफ कर म्हणून प्रभूने सांगितलं, त्यांना निदान आपल्या हातात हातोडा आहे हे तरी ठाऊक होतं. तुला तर तोंडावर मास्क लावलाय हेही ठाऊक नव्हतं.”

टायमर वाजला. मानसने तो बंद केला आणि मोबाइल खिशात टाकला; त्याच्या पाळकपणातला तो सगळ्यांत शहाणा निर्णय.

“ती मरायला निघाली नव्हती,” विश्वास पुढे म्हणाला. “वॉर्डात ज्याचा आकडा वाईट त्याच्याकडे सिलिंडर सरकवतात. तिने तेवढंच केलं, जन्मभर केलं तसंच. जीव गेला तो नंतर, तिला न विचारता गेला. मला वाटायचं, हे सांगितलं तर तिचं देणं लहान होईल. पण प्रभूलाही तिथे टांगल्यावर तहान लागली होती. पाचवा उद्गार ज्यांना मिळालाय ते सांगतीलच. मरायची हौस असलेला माणूस पाणी मागत नाही. त्यालाही जगायचंच होतं. जगायचं असताना दिलं, म्हणून तर ते देणं. तेव्हा दिलीप, तुझ्या अंगावर तिचं मरण नाही. होतं ते मी ठेवलेलं, आणि ते मी आज उचलून नेतोय. तिचं तुझ्याकडे काय राहिलंय ते तिच्याच तोंडून ऐक.”

पुढचं आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण त्यानंतर हॉलमध्ये कुणाला काही धड ऐकू आलं नाही. दिलीप हसला. मंद नाही, पोटातून, खांदे गदगदा हलवत, नाटकाच्या दिवसांत शेवटच्या रांगेपर्यंत पोचायचं तसं हसू, आणि हसता हसता रडू लागला, आणि विनया त्याच्या पाठीवर थापा मारत स्वतःच हसत-रडत बसली. गुड फ्रायडेला, काळ्या कापडाखाली, अर्धी मंडळी तोंडाला रुमाल लावून हसत होती आणि उरलेली पापाच्या भीतीने छताकडे बघत होती. बाकीच्या सहा उद्गारांचा पार विचका झाला. चौथ्या उद्गारवाल्याने तर बरं झालं म्हणून सुटकेचा श्वास सोडला. ईस्टर झाल्यावर दिलीप हॉस्पिटलात दाखल झाला, झडप बसली. फ्रेमच्या खिळ्यावर आता बँकेचं कॅलेंडर आहे. रविवारी कॅरम पुन्हा सुरू झाला, आणि राणी पुन्हा हरवू लागली. फक्त हात पकडायला कुणी नाही, त्यामुळे दिलीप ती हल्ली आपणच काढून देतो.

पण हे नंतरचं. त्या दुपारी विश्वासने चष्मा काढून हातात घेतला. आवाज बदलला नाही, हात हलवले नाहीत, इस्त्री तर मुळीच केली नाही. त्या एप्रिलमध्ये तो सिलिंडर लिफ्टमध्ये घालत असताना आतल्या खोलीतून अरुणाने हाक मारून जे सांगितलं होतं, तेवढंच सांगितलं.

“अहो, भावजींना सांगा, बरं वाटलं की सिलिंडर परत आणून द्या. आपली शिडी नेलीय ती अजून आलेली नाही.”